तक्रार कुठल्या बाजूने आली? समाजआरतीच्या एका बायनॉरल रेकॉर्डिंगचं प्रकरण

आत्याला हवा होता तो आवाज जेमतेम वीस सेकंदांचा.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी संध्याकाळी तळावर पोचली की समाजआरती होते. पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात, शेकडो टाळ एकदम वाजत असतात, कानठळ्या बसतात. मग चोपदार हातातला दंड उंचावतात आणि सगळं थांबतं. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम सांगितला जातो. पण एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. हजारो माणसं गप्प उभी, आणि कुठल्या तरी एकाच बाजूने टाळ चालूच. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने चालत जातात, म्हणणं ऐकून घेतात, मिटलं की टाळ थांबतात. अर्ज नाही, टोकन नाही. तक्रार कोणाची, हे कानाने ओळखायचं.

आत्याने एकोणीस वाऱ्या केल्या, शेवटची २०१९ ची. पुढची दोन वर्षं करोनामुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली तोवर आत्याचे गुडघे गेले होते आणि काचबिंदूने नजरही बरीचशी गेली होती. कराडला तिच्या खाटेशेजारी बसून मी म्हटलं, टीव्हीवर सगळं दाखवतात की आता. ती म्हणाली, "टीव्हीत टाळ टीव्हीतच वाजत्यात रे. मला तळावर वाजलेले पायजेत. दंड वर गेल्यावर एकच दिंडी वाजत राहते ना, ते."

इतकी नेमकी मागणी माझ्याकडे आजवर कुठल्याही निर्मात्याने केलेली नाही. मी पुण्यात ध्वनीचं काम करतो: डबिंग, माहितीपट, अधूनमधून एखादी श्रुतिका. वाटलं, एका संध्याकाळचं काम. लागली जवळपास दोन वर्षं, आणि चुका बहुतेक माझ्याच. त्या घडल्या तशाच सांगतो.

आधी साधा स्टिरिओ का चालला नसता ते. स्टिरिओत डावं-उजवं मुख्यतः पातळी कमीजास्त करून दाखवलेलं असतं. स्पीकरवर ते जमून जातं, कारण डावा स्पीकर उजव्या कानालाही ऐकू जातो आणि खोली तिची भर घालते. हेडफोनवर ही देवाणघेवाण बंद होते. मग आवाज दोन कानांमध्ये बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखे लटकतात, डोक्याच्या आत. मी नमुना म्हणून एक जुनं स्टिरिओ रेकॉर्डिंग आत्याला लावून दिलं, तेव्हा तिने एका वाक्यात निकाल दिला: "टाळ टाळक्यात वाजत्यात."

तळावर उभ्या माणसाचे कान वेगळंच काही करत असतात. दोन कानांना पोचतो तसाच आवाज टिपणं म्हणजे बायनॉरल रेकॉर्डिंग. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो. डोक्याला वळसा घालून उजव्या कानापर्यंत जायला त्याला फार तर बावीस सेंटिमीटर जास्त लागतात, म्हणजे उशीर साधारण ०.६५ मिलिसेकंद. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेणाऱ्या रेकॉर्डरच्या हिशेबात हे ३१ नमुने झाले. तेवढेच उजवीकडचे धरले तर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंतची सगळी दुनिया ६२ नमुन्यांत! समोर मात्र कान इतका तिखट असतो की एका अंशाचा फरकही त्याला कळतो, आणि तो फरक असतो दहा-एक मायक्रोसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या नमुन्याचा. (नमुन्यांच्या मधला हा उशीर डिजिटल फाईलमध्ये हरवतो असा समज आहे. तो हरवत नाही.) वरच्या पट्टीत डोक्याची सावली पडते, त्यामुळे पलीकडच्या कानात आवाज हलका येतो. खालच्या पट्टीत तसं होत नाही. कणीक लावलेल्या डाव्या पुडीवरचा पखवाजाचा घुमारा डोक्याला सहज वळसा घालतो आणि दोन्ही कानांत जवळपास सारखाच भरतो. हा कामाचा वाटा लॉर्ड रॅले यांनी १९०७ सालीच मांडून ठेवला आहे: खाली वेळेचा फरक, वर पातळीचा.

पण वेळ आणि पातळी या दोघांना पुढचं-मागचं कळत नाही. घड्याळाचे बारा नाकासमोर धरले तर समोर डावीकडे अकराच्या काट्यावर उभा असलेला टाळकरी आणि मागे डावीकडे सातच्या काट्यावर उभा असलेला टाळकरी, दोघांचा डाव्या-उजव्या कानातला फरक जवळजवळ सारखाच. ती निवड करतो बाहेरचा कान, त्याच्या वळ्या आणि खळगे. ४-५ किलोहर्ट्झच्या वर तो प्रत्येक दिशेच्या आवाजावर स्वतःचा ठसा उठवतो. डोकं, खांदे आणि कान मिळून होणाऱ्या या ठशाला एचआरटीएफ म्हणतात. टाळेचा आवाज या पट्टीत भरगच्च असल्यामुळे मला वाटलं, काम सोपं आहे.

२०२२: माझे कान

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे आपल्याच कानात माइक. कानाच्या भोकाच्या तोंडाशी बसणाऱ्या माइकच्या दोन बारीक कॅप्सूल, खिशात रेकॉर्डर, आणि गर्दीत नुसतं उभं राहायचं. बरडच्या तळावर आत्याच्याच जुन्या दिंडीत उभा राहिलो.

पहिली वाट लागली ती टाळेने. टाळ हातभरावरून कानाशी वाजते तेव्हा तिचा पहिला घाव सुईसारखा असतो, क्षणभराचा पण फार उंच. मी निर्धास्त होतो, कारण रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटचा होता, म्हणजे कितीही मोठा आवाज आला तरी तो फुटत नाही अशी ख्याती. रेकॉर्डर खरंच फुटला नाही. फुटली कॅप्सूल. रेकॉर्डरच्या जॅकमधून मिळणाऱ्या दोन-अडीच व्होल्टवर चालणाऱ्या या कॅप्सूलला एवढा आवाज पेलवत नाही, आणि तिच्यातच आवाज चिरडला गेला तर पुढचा रेकॉर्डर कितीही मोठ्या मनाचा असो, त्याच्या हाती चोथाच येतो. नऊ व्होल्टची बॅटरीपेटी मध्ये जोडली की बराच फरक पडतो. ती पेटी पुण्यात टेबलावर राहिली होती.

नशिबाने आम्हाला हवे ते वीस सेकंद या गदारोळानंतरचे होते. दंड वर गेला, तळ शांत झाला, आणि डावीकडून लांबून टाळ येत राहिले. फाईल स्वच्छ होती. घरी स्वतः ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. शेजारच्या म्हाताऱ्याचं खाकरणं उजव्या खांद्याशी, मागे प्लास्टिकच्या कागदाची सळसळ, आणि लांब डावीकडे ते टाळ. डोळे मिटले तर पायाखाली चिखल.

कराडला जाऊन आत्याच्या कानांवर हेडफोन चढवला. ती ऐकत राहिली आणि मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"आरं, समाजआरतीत चालतंय कोण? ही दिंडी निघाली कुठं?"

मला आधी कळेचना. मग फाईल पुन्हा ऐकली आणि कपाळावर हात मारला. टाळ ऐकू आल्यावर मी काय केलं होतं? तळावरचा कुठलाही माणूस करेल तेच. मान वळवून तिकडे पाहिलं होतं. माझी मान डावीकडे वळली तशी फाईलमध्ये दिंडी डावीकडून समोर सरकत आली आणि बाकीचा सगळा तळ उजवीकडे घरंगळला. मी स्वतः ऐकताना मला ते खटकलं नव्हतं, कारण मान वळवल्याची आठवण माझ्याकडे होती. आत्याची मान उशीवर स्थिर. तिच्यासाठी मान वळलीच नाही, दिंडीच चालली.

कानात माइक घातला की आपल्याला वाटतं आवाज टिपतोय. टिपलं जातं ते आपलं डोकं, त्याच्या सगळ्या सवयींसकट.

२०२३: काठीवरचं डोकं

मग न हलणारं डोकं हवं. ही कल्पना जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावरून तारा आणून लोकांना दोन कानांना दोन रिसीव्हर दिले, तेव्हाच गायक इकडून तिकडे गेलेले कानाला कळले होते. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बेल लॅबने ऑस्कर नावाचा पुतळा ठेवला होता, माइक लावलेला. बर्लिनच्या नॉयमान कंपनीने १९७३ मध्ये केयू ८० हे डोकं काढलं. त्याचं १९९२ चं भावंड केयू १०० आजही वापरात आहे. त्याची किंमत पाहून मी शनिपाराजवळ गेलो आणि केसांचे टोप विकणाऱ्याकडून थर्मोकोलचं डोकं घेतलं.

थर्मोकोलचं डोकं माणसाच्या डोक्यापेक्षा अरुंद असतं. टोप बसवायला ते पुरतं, पण आवाजाचा वळसा लहान होतो आणि डावं-उजवं आकसतं. म्हणून दोन्ही बाजूंना नमद्याचे थर चिकटवून रुंदी वाढवली, त्यावर सिलिकॉनचे कान बसवले. खाली जड स्टँड, कानांवर पावसा-वाऱ्यासाठी केसाळ टोपणं. हे मुंडकं माणसाच्या उंचीवर, गर्दीच्या मधोमध. दिंडीप्रमुखांना आधी सांगितलं होतं, बंदोबस्तातल्या हवालदारांनाही. हवालदारांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि "माऊली, तुमचं चालू द्या" म्हणाले. एक आजोबा सगळ्यांना बुक्का लावत येत होते. त्यांनी मला लावला, शेजारच्याला लावला, आणि त्याच लयीत थर्मोकोलच्या कपाळालाही. ते बोट घासल्याचा आवाज फाईलमध्ये आहे, आणि तो इतका आपल्या कपाळावर होतो की ऐकणारा हमखास डोळे उघडतो.

त्याच काठीवर, डोक्याच्या वर वीतभर, एका मित्राचा अँबिसॉनिक माइकही बांधला होता. आणला होताच, म्हणून. त्याच्याकडे पुढे येतो.

दंड वर गेला. या वर्षी टाळ आले समोरून डावीकडून, अकराच्या काट्यावरून. मी स्वतः पाहून वहीत लिहून ठेवलं: अकरा. मान वळवायला मी मोकळा होतो, पुतळा जागचा हलणार नव्हता.

घरी ऐकताना पहिल्यांदा जाणवलं ते टोचणं. टाळ कानात खुपत होते. चूक साधी होती. मी कॅप्सूल सिलिकॉनच्या कानात आत, अडीच सेंटिमीटर खोल बसवली होती, खऱ्या कानात पडदा असतो तिथे. कानाची नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज फुगवते. पुतळ्याच्या नळीने तो फुगवला, आणि हेडफोन लावल्यावर ऐकणाऱ्याच्या नळीने तोच पुन्हा फुगवला. एकाच भाजीत दोघांनी मीठ घातल्यासारखं. ३ किलोहर्ट्झभोवतीचा उंचवटा इक्वलायझरने कापून ते निस्तरलं. पुढच्या वेळेसाठी कॅप्सूल भोकाच्या तोंडाशी आणून मागची नळी मातीने बुजवली, जे पहिल्यापासून करायला हवं होतं.

मग घरच्यांना ऐकवलं. कोणालाही काही न सांगता विचारलं, टाळ कुठून? बायकोने बोट दाखवलं मागे डावीकडे. मुलाने मागे. मित्राने आधी मागे, मग "नाही, वर". मला स्वतःला समोर ऐकू येत होते, पण मी साक्षीदार म्हणून बाद, कारण वहीत अकरा लिहिलेलं मला माहीत होतं. कराडला आत्याने न चाचरता हात उशीच्या मागे नेला. "हितं. पर हितं कशी आली दिंडी? मागं तर आपलेच तंबू." तिच्या डोक्यात बरडचा तळ अजून जसाच्या तसा उभा होता आणि माझी फाईल त्यात बसत नव्हती.

हेडफोनवर समोरचा आवाज मागे पडणं हा या धंद्यातला जुना रोग आहे. सिलिकॉनचे कान ऐकणाऱ्याचे नसतात, त्यांच्या वळ्या वेगळ्या, ठसा वेगळा. मेंदू आयुष्यभर स्वतःच्या कानांचा ठसा वाचत आलेला असतो, परक्या कानांचं अक्षर त्याला नीट लागत नाही. शिवाय समोरून आवाज येतोय आणि समोर डोळ्यांना काहीच दिसत नाही, तर मग मागेच असणार असाही तो हिशेब करतो. परके कान शिकता येतात, पण त्याला वेळ लागतो. हॉलंडमध्ये नायमेखन इथे १९९८ साली काही लोकांच्या कानांत साचे बसवून त्यांचे आकार बदलले. सुरुवातीला आवाज वरून की खालून हे त्यांना कळेना, काही आठवड्यांनी कळू लागलं, आणि साचे काढल्यावर जुने कानही विसरले गेले नव्हते. आत्याला मी काही आठवडे तेच वीस सेकंद ऐकायला सांगू शकलो असतो. तिने ऐकलेही असते. पण तिच्याबाबतीत घोळ आणखी खोल होता, आणि तो मला कळला कानाच्या डॉक्टरांकडे.

आत्याचा ऑडिओग्राम

तिला कमी ऐकू येतं असं घरात सगळे म्हणत. तपासणीचा कागद, म्हणजे ऑडिओग्राम, हातात आला तेव्हा ऐकण्याची रेघ २ किलोहर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट आणि पुढे उतार, ४ नंतर जवळजवळ कडा. वयाने होतं ते असंच. बोलणं कळतं, व्यंजनं निसटतात.

मी तो कागद बराच वेळ पाहत बसलो. पुढचं-मागचं सांगणारा बाहेरच्या कानाचा ठसा सगळा त्या कड्याच्या पलीकडे होता. मी वर्षभर सिलिकॉनच्या वळ्या, नमद्याचे थर, तीन किलोहर्ट्झचा उंचवटा यांवर जीव ओतला, आणि ज्या पट्टीत ते काम करतं ती पट्टी आत्यापर्यंत पोचतच नव्हती. मग इतकी वर्षं तळावर तिला कसं कळत होतं? शेवटच्या वाऱ्यांच्या वेळी कान काही आजच्यापेक्षा फार बरे नसणार.

उत्तर मी २०२२ सालीच रेकॉर्ड केलं होतं आणि चूक म्हणून फेकलं होतं. मान वळवून.

समोरचा आवाज घ्या आणि मान थोडी उजवीकडे वळवा. आवाज डाव्या कानाच्या बाजूला येतो. मागचा आवाज घेऊन तेच करा, तो उजव्या कानाच्या बाजूला जातो. म्हणजे मान कुठे वळली आणि कोणता कान उजळला, या दोन गोष्टी जुळवल्या की पुढचं-मागचं निकालात निघतं, आणि त्याला वरच्या पट्टीची गरज नाही. हान्स वालाख यांनी १९४० साली हे प्रयोगांनी दाखवलं होतं. कमी ऐकू येणारी माणसं बोलणाऱ्याकडे मान वाकडी-तिकडी करत राहतात ते उगाच नव्हे. आत्या तळावर तेच करत असणार. माझ्या पुतळ्याने तिची मान पकडून ठेवली होती.

म्हणजे जी चूक मी पहिल्या वर्षी केली, ती चूक नव्हतीच म्हणा. मान वळली ते बरोबर, ती चुकीच्या माणसाची वळली. मान आत्याची वळायला हवी, आणि ती वळल्यावर तळ जागच्या जागी राहायला हवा.

कपाटातली फाईल

असं करायचं तर दोन कानांत पोचलेला तयार आवाज उपयोगाचा नाही. डोकं मध्ये न आणता त्या जागेवरचा सगळ्या दिशांचा आवाज टिपलेला हवा, म्हणजे डोकं नंतर घालता येतं आणि हवं तसं फिरवता येतं. अँबिसॉनिक्स म्हणजे हेच. १९७० च्या दशकात ऑक्सफर्डच्या मायकेल गर्झन यांनी ते रचलं. एका बिंदूभोवती चार कॅप्सूल, त्यांच्यापासून चार वाहिन्या: एक सगळीकडचा आवाज घेणारी डब्ल्यू, आणि पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली अशा तीन, म्हणजे एक्स, वाय आणि झेड. आणि ती फाईल माझ्याकडे होती. २०२३ मध्ये पुतळ्याच्या डोक्यावर बांधलेल्या माइकची.

ती मी ऐकून बाजूला टाकली होती, कारण ती निव्वळ वेडसर वाटली. समोरचा विणेकरी डावीकडे, डावीकडची टाळकऱ्यांची रांग डोक्यावर चढलेली, आणि वर आभाळात असायचा तो वारा समोरून तोंडावर. मी मित्राला फोन करून त्याचा माइक बिघडलाय असंही सांगितलं होतं. सहा महिन्यांनी पुन्हा उघडून पाहिली तेव्हा उलगडलं. या चार वाहिन्या लिहायच्या दोन रीती आहेत. जुन्या फ्यूमा रीतीत क्रम डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. नव्या अँबिएक्स रीतीत डब्ल्यू, वाय, झेड, एक्स. माझी फाईल जुन्या रीतीची होती आणि प्लगइन, म्हणजे आवाजाच्या सॉफ्टवेअरमधला तो जोडभाग, नव्या रीतीने वाचत होतं. त्याने समोरची वाहिनी डावीकडची समजून घेतली, डावीकडची वरची, वरची समोरची. डब्ल्यूची पातळीही दोन्ही रीतींत ३ डेसिबलने वेगळी असते. एक ड्रॉपडाउन बदलला आणि विणेकरी समोर येऊन उभा राहिला. मित्राची माफी मागितली. त्याने ती अजून पुरती स्वीकारलेली नाही.

पुढचं जुळवणं तसं सोपं. ऑस्ट्रियात ग्राट्सच्या संगीत विद्यापीठातल्या आयईएम संस्थेने अँबिसॉनिक्सची प्लगइनं मोफत दिली आहेत. त्यातलं एक आवाजाचं सगळं मैदान फिरवतं, दुसरं त्याचं दोन कानांसाठी रूपांतर करतं. हेडफोनच्या पट्टीवर मान मोजणारा छोटा सेन्सर चिकटवायचा. मान डावीकडे २० अंश गेली की मैदान उजवीकडे २० अंश फिरवायचं, म्हणजे तळ तिथेच राहतो. वायर मात्र हवी, कारण ब्लूटूथने इतका उशीर होतो की मान वळल्यावर तळ मागून ओढत येतो आणि मळमळतं. गंमत म्हणजे त्या दुसऱ्या प्लगइनमधले कान नॉयमानच्या केयू १०० चे आहेत. बरडची समाजआरती आत्या बर्लिनच्या पुतळ्याच्या कानांनी ऐकणार होती. पण ऐकणाऱ्याची मान मोकळी असली की कान कोणाचे, हा प्रश्न पुष्कळ मवाळ होतो.

यात गमावलं काय, तेही सांगायला हवं. चार वाहिन्यांचं अँबिसॉनिक्स धूसर असतं. डोक्याएवढ्या जागेत ते आवाजाची लाट नेमकी उभी करतं ती साधारण ६०० ते ७०० हर्ट्झपर्यंतच, त्यापुढे दिशा पसरट होत जाते. सोळा वाहिन्यांचा, तिसऱ्या पायरीचा माइक ही हद्द तिपटीने वाढवतो, पण तो माझ्याकडे नव्हता. पुतळ्याच्या फाईलमध्ये एकेक टाळ सुटी मोजता येत होती, इथे ती दिंडी धुक्यातून वाजल्यासारखी येते. कपाळावर बुक्का घासल्याचा तो आवाज तर नाहीच. दोन्ही फाईल माझ्यापुढे ठेवल्या आणि मान खुर्चीला बांधली, तर मी आजही पुतळ्याची घेईन.

खाटेवर

कराडला एक अडचण उरली होती, जी स्टुडिओत कधी येत नाही. आत्या उताणी झोपलेली असते. सेन्सरला तिची मान आभाळाकडे दिसणार, म्हणजे समोरचा सगळा तळ तिच्या पायांकडे उभा राहणार. तिला लोड लावून टेकवून बसवलं, तोंड खिडकीकडे, आणि सेन्सरचं समोर म्हणजे खिडकी असं ठरवून दिलं. तिला एवढंच सांगितलं की मान हलवलीस तरी चालेल.

"आधी का नव्हती चालत?" तिने विचारलं. मी काही बोललो नाही.

गदारोळ सुरू झाला तसे तिचे हात मांडीवर ताल धरायला लागले. मी लॅपटॉपवर सेन्सरचा आकडा पाहत होतो, शून्याच्या आसपास. दंड वर गेला, शांतता आली. टाळ सुरू राहिले. आकडा थरथरला, उजवीकडे दहा अंश गेला, परत आला, डावीकडे पंधरा, मग थोडा मागे. तिने मान ताठ धरली नव्हती, ती टाळ हुंगल्यासारखी शोधत होती. मग आकडा डावीकडे तिसाच्या आसपास येऊन थांबला आणि थांबूनच राहिला. वहीतला अकराचा काटा म्हणजे तीस अंश.

"ही बघ. रथापुढची हाय कुठली तरी," ती म्हणाली. "आपली नव्हं."

वीस सेकंद संपले. तिने हेडफोन काढला नाही, तोंड अजून तिकडेच.

"मिटलं का त्यांचं?"

फाईल मी तिथेच कापली होती. मागणी वीस सेकंदांची होती, आणि मला टाळेची दिशा तपासायची होती, चोपदार गेल्यावर काय झालं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये पुढची सहा मिनिटं आहेत. ती आता जोडतो आहे.